मिसळ रविवारी

ठाणे, शुक्रवार, रात्री साडेदहा

ताईचा वाढदिवस यंदा फेब्रुवारीतल्या शनिवारी आलाय. वाइन चाखायला नाशिकला जायचं तर याहून बरा मुहूर्त नाही. द्राक्षबागेची खरड छाटणी (नव्या फुटीसाठी) एप्रिलमध्ये, गोडी छाटणी (फळासाठी) ऑक्टोबरमध्ये, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. तोच वाढदिवस जुलैत असता तर डोंगर हिरवेगार, वेलीवर मात्र नुसती पानं. घड हाताशी आले तरी तोडून तोंडात टाकायचे नाहीत. फवारणी कधी झाली ते आपल्याला ठाऊक नसतं, शिवाय वाइनचे मणी बारीक, सालीला जाड आणि बियांचे. खायच्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांची सवय असलेल्याची निराशाच होते.

गाडी न्यायची नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, हे खरं. पण अडचण घाटाची नाही, पेल्याची आहे. एका टेस्टिंगमध्ये, म्हणजे वायनरीत वाइन चाखण्याच्या फेरीत, 30 मिलीचे पाच घोट धरले तरी दीडशे मिली वाइन झाली. साडेबारा टक्क्यांच्या हिशोबाने त्यात जवळपास 15 ग्रॅम अल्कोहोल. 60 किलो वजनाच्या बाईच्या रक्तात ते 100 मिलीमागे 40 मिलिग्रॅमच्या पुढे सहज जातं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा आहे 30. म्हणजे एकाच वायनरीत चालवणारा बाद. त्यापेक्षा सकाळची तपोवन एक्सप्रेस बरी: ठाण्याहून सातच्या आत निघते, दहाच्या आसपास नाशिक रोड. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, शनिवारच्या जागा टिकत नाहीत. कसाऱ्याहून वर 37 ला 1 असा चढ आहे, म्हणून घाटात गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं (बँकर) लावतात. वेळ असेल तर खिडकीतून ते बघण्यासारखं असतं. स्टेशनवरून टॅक्सी दिवसभरासाठीच ठरवायची. गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्या तिथून वीसेक किलोमीटरवर आहेत आणि संध्याकाळी तिकडून परतीची गाडी अ‍ॅपवर मिळवताना जीव जातो.

आता मुख्य मुद्दा. नाशिक म्हटलं की मिसळ आणि वाइन दोन्ही यादीत येतात, आणि बहुतेक मंडळी स्टेशनवरून थेट मिसळीवर जाऊन अकराला टेस्टिंगला उभी राहतात. तिथेच बिघडतं. तिखटाने पोळलेल्या जिभेवर अल्कोहोल आणखी जळजळतं, रेड वाइनचा तुरटपणा खरखरीत लागतो आणि तर्रीच्या मसाल्यापुढे सोविन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा वास टिकतच नाही. म्हणून शनिवारी सकाळी डब्यात साधे पोहे, मिरची न घालता. उपाशीपोटी तर मुळीच जायचं नाही. गजरा नको, अत्तर नको. मोगरा नाकाशी असताना पेल्यातलं काही कळत नाही. (ताई यावर कुरकुरणार.)

केकचंही तेच. सकाळी केक कापून गेलं तर त्यानंतरची ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, वाइन आंबट आणि पातळ वाटते, मग दोष वाइनला. गोडाबरोबरची वाइन त्या गोडाहून गोड हवी. तेव्हा केक रात्री, सोबत लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड पांढरी वाइन), छोट्या पेल्यात, थंड.

टेस्टिंगचा क्रम पांढरी, रोझे (गुलाबी), लाल आणि शेवटी गोड. पेला दांड्याला धरायचा, हाताच्या उबेने पांढरी वाइन लगेच कोमट होते. चाखलेली वाइन थुंकायला पिंकदाणीसारखं भांडं समोर ठेवलेलं असतं ते वापरायला लाजायचं नाही, त्यासाठीच आहे ते. पांढरी 8 ते 10 अंशांवर चांगली लागते, लाल 16 ते 18 वर. आपल्याकडचं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे तिशीच्या आसपास, तेव्हा घरी लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची.

दिवसाला दोनच वायनऱ्या. तिसरीपर्यंत जीभ थकते, पैसे वाया. वयाचा पुरावा दोघांनीही जवळ ठेवायचा आणि तारीख ड्राय डेची तर नाही ना, ते आधीच बघायचं. 26 जानेवारीला जन्मलेल्यांचं काही खरं नाही.

रविवारी सकाळी पांडवलेणी, ऊन चढायच्या आत. एकूण 24 लेणी आहेत, पण तिसऱ्या क्रमांकाचं चुकवायचं नाही. गौतमी बलश्रीने आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याची थोरवी सांगणारा लेख तिथेच आहे. खाली उतरलं की भूक लागतेच. मग मिसळ, तर्री हवी तेवढी, कारण त्या दिवशी वाइन नाही. परतीची तपोवन नाशिक रोडला संध्याकाळी सहाच्या सुमारास. ती नांदेडहून येते, त्यामुळे उशीर धरूनच ठाण्यातलं जेवण ठरवायचं.