पासवर्ड बदलला, फिल्टर तसाच राहिला

चवथीच्या आधीचे दिवस होते. फोंडा तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात मागणीची घाई चालली होती आणि नेमके पैशांचेच मेल पोचत नव्हते. म्हापशातल्या एका घाऊक व्यापाऱ्याने पैसे भरण्याआधी फोन करून विचारलं, ‘बाब, तुमचं बँक खातं बदललं काय?’ खातं बदललेलं नव्हतं. त्या एका फोनमुळे रक्कम वाचली. कारखान्याने लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि हिशेब विभागाच्या मेलबॉक्सचा पासवर्ड बदलला. तरीही दुसऱ्या दिवशी बँकेचे मेल आले नाहीत. त्या टप्प्यावर काम आमच्याकडे आलं.

पासवर्ड बदलल्याने घुसलेला माणूस बाहेर जातो, त्याने लावलेला फिल्टर जात नाही. फिल्टर म्हणजे ठराविक मेल आपोआप वळवणारी सूचना, आणि ती सर्व्हरवर असते. मेल इनबॉक्सपर्यंत यायच्या आधीच एक्झिम, म्हणजे सर्व्हरवरचा मेल पोचवणारा प्रोग्राम, ती वाचतो आणि मेलची वाट बदलतो. फोन बदला, संगणक फॉरमॅट करा, काही फरक पडत नाही.

कारखान्याच्या डोमेनवर ३४ मेलबॉक्स होते आणि होस्टिंग सांभाळायचं पॅनेल होतं सीपॅनेल. त्यांच्या माणसाने ‘ग्लोबल ईमेल फिल्टर्स’ उघडून पाहिलं होतं. पान कोरं होतं, म्हणून त्याला सगळं ठीक वाटलं. पण त्या पानावर फक्त संपूर्ण खात्याला लागू असलेले फिल्टर दिसतात. प्रत्येक मेलबॉक्सचे स्वतःचे फिल्टर वेगळे, आणि ते लावायला सीपॅनेलचा पासवर्ड लागतच नाही, वेबमेलचा पुरतो. ३४ मेलबॉक्स एकेक करून उघडण्यापेक्षा आम्ही यूएपीआय, म्हणजे स्क्रिप्टमधून सीपॅनेलला विचारणा करायची सोय, वापरायचं ठरवलं.

त्यासाठी सीपॅनेलमध्ये एपीआय टोकन, म्हणजे पासवर्डच्या जागी चालणारी किल्ली, काढलं. ते एकदाच दिसतं, तेव्हाच उतरवून घ्यावं लागतं. पोर्ट २०८३. विनंतीच्या हेडरमध्ये ‘ऑथोरायझेशन’ लिहून पुढे ‘सीपॅनेल’ हा शब्द, मग वापरकर्त्याचं नाव, अपूर्णविराम (:) आणि टोकन. ईमेल मॉड्यूलमधल्या ‘लिस्ट पॉप्स’ने सगळे मेलबॉक्स मिळाले. मुख्य खातं वगळण्याचा पर्याय तिथे आहे, तो वापरू नये. मुख्य खात्यालाही फिल्टर असू शकतो.

मग प्रत्येक पत्त्यासाठी ‘लिस्ट फिल्टर्स’, ‘अकाउंट’ या पॅरामीटरमध्ये पूर्ण पत्ता देऊन. हा पॅरामीटर राहिला तर फंक्शन तक्रार करत नाही, गुपचूप खात्याच्या पातळीचे फिल्टर देतं. म्हणजे पुन्हा तेच कोरं पान. पत्ता एन्कोड करूनच पाठवावा. पत्त्यात अधिकचिन्ह असेल तर यूआरएलमध्ये त्याची मोकळी जागा होते आणि विचारणा भलत्याच पत्त्याची होते.

पहिल्या फेरीत आमचीच चूक झाली. तीन मेलबॉक्सना उत्तर यायच्या आत वेळ संपली आणि स्क्रिप्टने त्यांच्यापुढे शून्य लिहिलं. ‘फिल्टर नाहीत’ आणि ‘उत्तर आलं नाही’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मग आधी उत्तरातला ‘स्टेटस’ १ आहे का, ‘एरर्स’ रिकामं आहे का ते तपासायचं आणि नंतरच यादी मोजायची, असा बदल केला. दुसऱ्या फेरीत त्या तिघांपैकी एकात फिल्टर निघाला. पहिल्या यादीवर विसंबलो असतो तर तो तिथेच राहिला असता.

एकूण दोन मेलबॉक्स बाधित होते. हिशेब विभागाच्या फिल्टरचं नाव ‘स्पॅम २’, कोणी उघडून पाहणार नाही असं. नियम दोन: विषयात ‘पेमेंट’ किंवा मजकुरात ‘बँक’. कृतीही दोन: बाहेरच्या एका पत्त्यावर ‘डिलिव्हर’ आणि ‘सेव्ह’ थेट ‘डेव्ह-नल’मध्ये, म्हणजे कचऱ्यात. निर्यात विभागाच्या फिल्टरमध्ये फक्त ‘डिलिव्हर’ होतं. तेवढंही पुरतं, कारण एक्झिमच्या लेखी मेल बाहेर पाठवला की त्याची पोचवणी झाली. इनबॉक्समध्ये प्रत हवी असेल तर ती कृती वेगळी लावावी लागते. इथे ती मुद्दामच लावलेली नव्हती. यादी पाहताना ‘एनेबल्ड’ शून्य असलेले फिल्टरही वाचावेत. आज बंद ठेवलेला उद्या चालू करता येतो.

लगेच ‘डिलीट फिल्टर’ चालवायचा मोह होतो. तो आम्ही आवरला. फिल्टर कधी लागला हे या यादीत येत नाही. त्याचा माग मिळतो तो होम डिरेक्टरीतल्या ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये, डोमेन आणि मेलबॉक्सच्या नावाखाली असलेल्या ‘फिल्टर डॉट यॅमल’ या फाइलच्या बदल-वेळेत. फिल्टर काढला की फाइल नव्याने लिहिली जाते आणि ती वेळ पुसली जाते. पोलिसांच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. म्हणून आधी यूएपीआयची सगळी उत्तरं (जेसन या मजकुरी स्वरूपातली) जशीच्या तशी साठवली, फाइलींच्या प्रती बदल-वेळेसकट घेतल्या. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे होतं. फाइलीवरची २१:४० ही वेळ आपल्याकडची पहाटेची ३:१०, कारखाना बंद असतानाची. वेळ लिहून देताना दोन्ही घड्याळं लिहावीत, नाहीतर जबाबात घोळ होतो.

त्यानंतर सर्व ३४ पासवर्ड बदलले आणि मगच फिल्टर काढले. क्रम उलटा झाला तर तो माणूस पाच मिनिटांत नवा फिल्टर लावू शकतो. काढतानाही ‘अकाउंट’ द्यायलाच हवा, नुसतं फिल्टरचं नाव पुरत नाही. फॉरवर्डर, म्हणजे एका पत्त्याचे सगळे मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारी सोय, ही वेगळी यादी आहे, तीही ‘लिस्ट फॉरवर्डर्स’ने डोमेन देऊन पाहिली. ती स्वच्छ निघाली. टोकन त्याच संध्याकाळी रद्द केलं.

कचऱ्यात गेलेले मेल परत आणता येत नाहीत. हिशेब विभागातल्या बाईंनी ‘ट्रॅक डिलिव्हरी’मधून पाठवणाऱ्यांची यादी काढली आणि दोन दिवस एकेकाला फोन करून मेल पुन्हा मागवले. प्रत्येक फोनवर खातेक्रमांकही तोंडी वाचून दाखवला.

आता त्यांच्या खात्यावर रोज सकाळी ६ वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, चालतो. सर्व्हरवर त्याच खात्याखाली ‘यूएपीआय’ ही आज्ञा चालवली तर टोकनची गरज नसते, त्यामुळे चोरीला जाईल असं काही ठेवावं लागत नाही. कालची यादी आणि आजची यादी ताडून फरक निघाला तर मालकांना एसएमएस जातो. मेल नाही, कारण मेलची वाट कोणी वळवली आहे का हेच तर तपासायचं असतं.