आमची वाटचाल : दोन टक्क्यांच्या आत

वाळूज औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या गाळ्यात, पाच सेंटिमीटर व्यासाचा एक कॉलम (बारीक कणांनी भरलेली, मिश्रणातले घटक वेगळे करणारी नळी) आणि दोन सहकारी एवढ्या बळावर आम्ही पेप्टाइडच्या, म्हणजे इन्सुलिनसारख्या अमिनो आम्लांच्या साखळीने बनलेल्या रेणूंच्या, शुद्धीकरणाचे काम सुरू केले. २००३ मध्ये वोक्हार्टने तेव्हाच्या औरंगाबादेत तयार झालेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले होते, आणि आपल्याच शहरात राहून हे काम करता येईल, हा विश्वास मला त्यातून मिळाला होता. औषध आम्ही बनवत नाही. औषध कंपन्यांना शुद्धीकरणाची पद्धत बसवून देणे, चाचणीपुरत्या बॅच काढणे आणि कॉलम भरून देणे, हा आमचा व्यवसाय आहे.

गव्हातले खडे निवडणे सोपे असते. आम्हाला गव्हातून जवळजवळ तसाच दिसणारा दुसरा गहू निवडायचा असतो. इन्सुलिनच्या रेणूत ५१ अमिनो आम्ले असतात. त्याच्या ए साखळीतील एकविसावे अमिनो आम्ल, म्हणजे अ‍ॅस्पॅराजीन, आम्लधर्मी द्रावणात हळूहळू बदलते आणि डेसअमिडो इन्सुलिन ही नको असलेली अशुद्धी तयार होते. सुमारे ५८०८ डाल्टन (रेणूचे वस्तुमान मोजण्याचे एकक) वस्तुमानाच्या रेणूत हा फरक जेमतेम एका डाल्टनचा असतो, तरीही औषधकोशात त्याला दोन टक्क्यांचीच मर्यादा आहे. दहा मायक्रॉन आकाराच्या सिलिका कणांच्या कॉलममधून आम्लधर्मी द्रावणाबरोबर असिटोनायट्राइल या द्रावकाचे प्रमाण सावकाश वाढवत नेले, की आधी इन्सुलिन बाहेर पडते आणि त्याच्या शेपटाला चिकटून डेसअमिडो येते. शेपूट कुठे कापायचे, हा आमच्या कामातला सर्वांत अवघड निर्णय आहे, कारण लवकर कापले तर चांगला माल हातचा जातो आणि उशिरा कापले तर एकत्र केलेला सगळा माल बिघडतो. म्हणून आम्ही बाहेर पडणाऱ्या द्रावणाचे लहान लहान भाग, म्हणजे फ्रॅक्शन, घेतो, प्रत्येकाची एचपीएलसीवर (घटकांचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) तपासणी करतो आणि मगच ती एकत्र करतो.

फ्रॅक्शन लगेच थंड करण्याचा धडा आम्हाला महाग पडला. सुरुवातीच्या काळात एका शनिवारी इन्सुलिनचे उत्तम एकत्रित द्रावण हाती आले, पण द्रावक उडवण्याचे यंत्र बंद पडले आणि शीतगृहात जागा नसल्याने ते आम्लधर्मी द्रावण सोमवारपर्यंत बाहेरच राहिले. सोमवारी तपासले, तेव्हा डेसअमिडो मर्यादेपलीकडे गेले होते. ग्राहकाला मी स्वतः फोन करून बॅच नाकारत असल्याचे सांगितले आणि पुन्हा करून देण्याचा खर्च आम्ही सोसला. फ्रॅक्शन हाती येताच थंड करणे आणि पुढच्या पायरीची वेळ आधीच ठरवणे, हे तेव्हापासून आमच्या लेखी कार्यपद्धतीत आहे.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या मधुमेही मुलाला दिलेला इन्सुलिनचा पहिला अर्क अशुद्ध होता. त्याचा फारसा उपयोग झाला नाही, उलट टोचलेल्या जागी गळू झाले. जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने अल्कोहोलने शुद्ध केलेला अर्क काही दिवसांतच त्याला दिला गेला आणि त्याच्या रक्तातील साखर उतरली. नव्या सहकाऱ्याला मी ही हकीकत पहिल्याच दिवशी सांगतो, कारण रुग्ण हे औषध आयुष्यभर रोज टोचून घेतो, हे त्याच्या मनात ठसायला हवे.

२००८ च्या अखेरीस असिटोनायट्राइल मिळेनासे झाले. ते अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या उत्पादनातून जोडपदार्थ म्हणून निघते, आणि मंदीत त्या उत्पादनालाच ओहोटी लागली होती. आमच्यासारख्या लहान खरेदीदाराला कोण विचारणार? त्या महिन्यांत आम्ही शक्य तिथे इथेनॉल वापरायला शिकलो.

पुढे पंधरा सेंटिमीटरचा कॉलम घेतला. व्यास तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, म्हणून कणांच्या थराची उंची तीच ठेवून भार (एका वेळी टाकायचा माल) आणि प्रवाह नऊपट करायचा, हे गणित कागदावर सरळ आहे; प्रत्यक्षात थर एकसारखा दाबून भरणे आम्हाला कित्येक प्रयत्नांनी जमले.

आता लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधांचे काम अधिक येते. रासायनिक संश्लेषणाने बनवलेल्या या पेप्टाइडमध्ये एखादे अमिनो आम्ल गळालेले रेणू असतात, तसेच एखाद्या अमिनो आम्लाची रचना आरशातल्यासारखी उलटलेलेही असतात. या दुसऱ्या प्रकाराचे वस्तुमान अगदी तेच असल्याने केवळ वस्तुमान मोजून ते ओळखू येत नाहीत. मेदाम्लाची शेपटी जोडलेली असल्यामुळे हे रेणू कॉलमला चिवटपणे धरून बसतात. म्हणून पहिली फेरी अल्कधर्मी आणि दुसरी आम्लधर्मी द्रावणात, असा क्रम आम्ही बसवला आहे. अल्कलीत सिलिका झिजते, त्यामुळे एक कॉलम किती फेऱ्या टिकतो याची नोंद आम्ही सध्या बॅचगणिक ठेवत आहोत.