हाडातला कर्करोग आणि अल्ट्रासाउंडची मात्रा

फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना रुग्ण आणि विद्यार्थी दोघेही मला एकच प्रश्न वारंवार विचारतात: कर्करोगाच्या गाठीवर अल्ट्रासाउंड देऊ नये असे तुम्ही सांगता, मग अल्ट्रासाउंडने कर्करोगावर उपचार होतात हे कसे? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फरक ऊर्जेच्या मात्रेत आहे आणि ती ऊर्जा कोठे एकवटते यात आहे.

फिजिओथेरपीचे यंत्र साधारणपणे 1 किंवा 3 मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनिलहरी वापरते आणि त्यांची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला बहुधा 2 वॅटच्या आतच ठेवली जाते. एवढ्या ऊर्जेने पेशी मरत नाहीत. ऊती थोड्या तापतात, रक्तपुरवठा वाढतो, पेशींच्या आवरणातून कॅल्शियमची ये-जा वाढते आणि प्रथिने तयार होण्याला चालना मिळते. दुखावलेल्या स्नायुबंधाला हेच हवे असते. पण वाढत्या गाठीलाही नेमके हेच मानवते. उंदरांच्या त्वचेखाली वाढवलेल्या गाठींवर सलग अल्ट्रासाउंड देऊन केलेला एक प्रयोग 1995 साली प्रसिद्ध झाला, त्यात उपचार दिलेल्या गाठी न दिलेल्या गाठींपेक्षा मोठ्या झाल्या. माणसांवर असा प्रयोग करणे नीतीला धरून होणार नाही, त्यामुळे कर्करोग असलेल्या किंवा तशी शंका असलेल्या जागी हा उपचार वर्ज्य मानणे हाच मला एकमेव जबाबदार मार्ग वाटतो.

हाडाच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. हाड ध्वनिऊर्जा मऊ ऊतींपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेते, म्हणूनच यंत्राचे हेड (त्वचेवर फिरवायचा भाग) हाडाच्या उंचवट्यावर क्षणभर जरी थबकले तरी रुग्णाला आत खोल कळ जाणवते. ती कळ हाडावरच्या संवेदनशील आवरणाची असते आणि हेड सतत फिरते ठेवण्याचे तेही एक कारण आहे. त्यात ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग प्रामुख्याने किशोरवयात, आणि तोही बहुतेकदा गुडघ्याच्या वर किंवा खाली होतो. खेळताना मार लागला असेल असे समजून असे मूल सरळ फिजिओथेरपीसाठी आणले जाते. दुखणे रात्री वाढत असेल, विश्रांतीनेही थांबत नसेल, आठवडे उलटूनही सूज वाढतच असेल, तर जेलची बाटली हातात घेण्याआधी एक्स-रे झालाच पाहिजे, याबाबत मी कोणतीही तडजोड करत नाही.

आता दुसरी बाजू. ध्वनिलहरी भिंगाने एकवटाव्यात तशा एका बिंदूवर केंद्रित केल्या, तर तेथली तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला हजार वॅटच्याही पुढे जाते, तापमान काही सेकंदांत 60 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते आणि तेवढ्या जागेतल्या पेशी जागीच मरतात. एमआरआय यंत्रात रुग्णाला झोपवून, तापमानाचा नकाशा समोर पाहत हा उपचार करता येतो. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनांसाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) त्याला 2012 मध्ये मान्यता दिली. एरवी अडचणीचा ठरणारा हाडाचा गुणधर्म येथे उपयोगी पडतो: पृष्ठभागावरच ऊर्जा शोषली गेल्यामुळे आवरणातले वेदनावाहक मज्जातंतू नष्ट होतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 147 रुग्ण होते. खरा उपचार मिळालेल्यांपैकी 64.3 टक्के रुग्णांना अपेक्षित आराम मिळाला, तर तुलनेसाठी नुसता दिखाऊ, म्हणजे प्रत्यक्ष ऊर्जा न सोडता केलेला उपचार मिळालेल्यांपैकी 20 टक्के रुग्णांना. किरणोपचारानंतरही वेदना राहिलेल्या किंवा किरणोपचार घेऊ न शकणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. मात्र हा वेदनाशमनाचा उपचार आहे. पोखरलेल्या हाडाला त्याने लगेच बळकटी येत नाही, शिवाय मणक्यात मज्जारज्जूच्या अगदी जवळ असलेल्या गाठीवर तो वापरणे धोक्याचे ठरू शकते. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा या हाडाच्या साध्या (कर्करोग नसलेल्या), पण रात्ररात्र झोपू न देणाऱ्या गाठीवरही हे तंत्र वापरले जाते.

उष्णतेशिवाय, सूक्ष्म बुडबुड्यांच्या यांत्रिक आघाताने गाठ फोडणाऱ्या हिस्टोट्रिप्सीला 2023 मध्ये यकृताच्या गाठींसाठी मान्यता मिळाली. ऑस्टिओसार्कोमा झालेल्या कुत्र्यांवर तिचे प्रयोग झाले आहेत. काही प्रयोगशाळांत कमी तीव्रतेच्या लहरींनी निरोगी पेशींना धक्का न लावता केवळ कर्करोगाच्या पेशी मारता येतील का याचा शोध सुरू आहे. या शोधातले आतापर्यंतचे निष्कर्ष बहुतांशी काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवरचे आहेत, आणि त्यांच्या भरवशावर कोणी आपल्या दवाखान्यातले यंत्र गाठीवर फिरवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तपासणीची सोनोग्राफी मात्र या सगळ्यापेक्षा वेगळी आहे. त्यात प्रतिमेसाठी अत्यंत अल्पकाळाचे स्पंद पाठवले जातात आणि ऊती तापवणे हा हेतू नसतो. डॉक्टरांनी गाठीची सोनोग्राफी सांगितली असेल, तर वरचे वाचून ती पुढे ढकलण्याचे काहीही कारण नाही.