बिल्डवर्ल्ड नोंद: सिग्नल ११ चा छडा लागला, इन्स्टॉलची पद्धतही बदलली

मंडळी, फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम सोर्सपासून बांधताना (बिल्डवर्ल्ड) क्लँग हा कंपायलर सिग्नल ११ देऊन मधेच मरत होता, हे मागच्या नोंदीत सांगितलं होतं. तो गुंता सुटला. फ्रीबीएसडी स्टेबल/१४ चं वर्ल्ड (कर्नल सोडून बाकीची मूळ सिस्टीम) आणि कर्नल दोन्ही पूर्ण बांधून झालेत.

लक्षण असं होतं: दर खेपेला वेगळ्याच फाइलवर सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजेच सिग्नल ११ (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम बंद पडणं). कधी एलएलव्हीएमच्या (क्लँगचा पाया) कोडवर, कधी एलएलडी या लिंकरवर, कधी थेट झेडएफएस या फाइल सिस्टीमच्या फाइलवर. खरी खूण हीच. बिल्ड त्याच फाइलवर, त्याच ओळीशी अडत असेल तर दोष सोर्समध्ये किंवा एसआरसी.कॉन्फ या बिल्डच्या सेटिंग फाइलमध्ये शोधायचा. जागा बदलत राहिली तर हार्डवेअर. आणि कन्सोलवर प्रोसेस 'किल्ड' दिसली तर रॅम आणि स्वॅप संपलेत, तिथे फक्त -जे (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा आकडा) कमी करायचा.

मेमटेस्ट८६+ ही रॅमची चाचणी रात्री चालवली तर स्वच्छ, भर दुपारी चालवली तर एरर. भुसावळचा मे महिना, बाहेर ४५ अंश, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. तापमान दाखवणारं कोअरटेम्प मॉड्यूल लोड करून सिसकंट्रोलमध्ये डेव्ह.सीपीयू.०.टेम्परेचर बघत बसलं की चित्र स्पष्ट होतं: एलएलव्हीएम सुरू झालं की आकडा ९० च्या पुढे जाऊन तिथेच चिकटतो. प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून सावरतो, पण त्याच गरम हवेत बसलेल्या रॅमला तशी सोय नसते.

उपाय तिन्ही मिळून लागू पडले. पहिला, टर्बो (प्रोसेसरचा आपोआप वाढणारा वेग) बंद. आय५-४५७० या प्रोसेसरवर फ्रीक्वेन्सीच्या यादीत सगळ्यात वर ३२०१ दिसतं. तो शेवटचा १ म्हणजेच टर्बो. वेग सांभाळणाऱ्या पॉवरडीला -एम (कॅपिटल) ३२०० दिलं की विषय संपला. दुसरा, -जे४ ऐवजी -जे३. तिसरा, वाळलेली थर्मल पेस्ट काढून नवी. दुकानात सुट्टी मिळणारी बिननावाची पांढरी पेस्ट घेऊ नका भो, इथल्या उन्हाळ्यात ती लवकर सुकते. सीलबंद ट्यूबला चार पैसे जास्त द्या. डेझर्ट कूलरची हवा खोलीत खेळू द्या, पण झोत थेट कॅबिनेटवर नको, बारीक थेंब आत जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाइट गेल्यामुळे बिल्ड तुटलं तर मेटा मोड (झालेल्या फाइल पुन्हा न बांधण्याची सोय) तारतो: एसआरसी-एन्व्ह.कॉन्फमध्ये विथ_मेटा_मोड, फाइलमॉन लोड, आणि काम जिथे थांबलं जवळपास तिथूनच पुढे. सिग्नल ११ नंतर मात्र हा मोह टाळायचा. जी मेमरी एक फाइल पाडते, ती दुसरी फाइल न पाडता गुपचूप चुकीची बनवू शकते, आणि मेटा मोड ती 'झालेली' समजून तशीच ठेवतो. त्यामुळे ओबीजे (बांधलेल्या फाइलींची डिरेक्टरी) पूर्ण रिकामं करून पहिल्यापासून बांधायचं, तेही रात्री ११ नंतर. वेळ जातो, पण लिबसीमध्ये (जवळपास सगळे प्रोग्रॅम वापरतात ती लायब्ररी) एक बिट उलटलेली सिस्टीम कोणाला हवी?

इन्स्टॉल नेहमीच्या क्रमाने करायचं ठरलं होतं: इन्स्टॉलकर्नल, रीबूट, ईटीसीअपडेट -पी (सेटिंग फाइल जुळवणं), इन्स्टॉलवर्ल्ड, पुन्हा ईटीसीअपडेट. पण इन्स्टॉलवर्ल्ड चालू असताना लाइट गेली तर चालती सिस्टीम अर्धी नवी, अर्धी जुनी. इथे लाइटचा भरवसा नाही, म्हणून बेत बदलला. बीईसीटीएलने नवं बूट एन्व्हायर्नमेंट (बूट करता येणारी सिस्टीमची वेगळी प्रत) तयार करून /एमएनटी वर माउंट करायचं, डेस्टडीर=/एमएनटी देऊन कर्नल आणि वर्ल्ड दोन्ही तिथे उतरवायचे, ईटीसीअपडेटला -डी (कॅपिटल) /एमएनटी. शेवटी बीईसीटीएल ॲक्टिव्हेट -टी. या -टी मुळे नवं एन्व्हायर्नमेंट फक्त एकदाच बूट होतं. अडकलं तर पुढच्या रीबूटला जुनं आपोआप परत. सगळं नीट दिसलं की मग कायमचं ॲक्टिव्हेट. सोर्समध्येच टूल्स/बिल्डखाली बीइन्स्टॉल.एसएच ही तयार स्क्रिप्ट आहे, पण पहिल्यांदा हाताने करा, कुठे काय जातं ते कळतं.

बिल्ड सुरू करण्याआधीच झेडएफएस क्रिएट झेडरूट/यूएसआर/ओबीजे जरूर चालवा. नेहमीच्या मांडणीत /यूएसआर/ओबीजे वेगळा डेटासेट (झेडएफएसचा स्वतंत्र भाग) नसतो, तो रूटमध्येच मोडतो. मग प्रत्येक स्नॅपशॉटबरोबर कित्येक जीबीचा ओबीजे अडकून पडतो.

डीआरएम-केमॉड हे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळवून पुन्हा बांधायचं अजून बाकी आहे. तोवर /एमएनटी मधल्या आरसी.कॉन्फच्या केएलडी_लिस्टमधून आय९१५केएमएस काढून ठेवलंय, म्हणजे पहिलं बूट साध्या कन्सोलवर तरी येईल. डिलीट-ओल्ड (जुन्या फाइल काढणं) लगेच चालेल. डिलीट-ओल्ड-लिब्ज मात्र सगळी पॅकेजेस अपग्रेड झाल्यावरच, नाहीतर जुन्या लायब्ररीवर टेकलेले प्रोग्रॅम बंद पडतील. आणि झेडपूल अपग्रेडला (झेडएफएसच्या पूलमध्ये नवी फीचर्स चालू करणं) सध्या हात लावायचा नाही: ईएफआय पार्टिशनमधला, सिस्टीम बूट करणारा लोडर.ईएफआय हाताने बदलावा लागतो, इन्स्टॉलवर्ल्ड तो तिथे टाकत नाही. जुन्या लोडरला पूलची नवी फीचर्स वाचता आली नाहीत तर एकही बूट एन्व्हायर्नमेंट उघडणार नाही. आधी लोडर, मग पूल.