पाळत नाही हो, येतात का?

दोन वर्षं मी खोकत होते आणि त्या दोन वर्षांत मला एकाही डॉक्टरांनी कबुतरांबद्दल विचारलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

2022 च्या श्रावणात सुरुवात झाली. कोरडा खोकला, कफ नाही, ताप नाही. मी नाशिकमधल्या एका मराठी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. खडूची धूळ, दिवसभर बोलणं, मुलांची सर्दी, अशी कारणं आयतीच हाताशी होती. ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं, अडुळशाचा काढा झाला. दर रविवारी सकाळी आम्ही चौघी शिक्षिका पांडवलेणी चढायचो. त्रिरश्मीचा डोंगर रोजच्या चालणाऱ्याला काही अवघड नाही, पण दिवाळीनंतर मी मागे पडू लागले. मैत्रिणी वर पोचून सावलीत बसलेल्या असायच्या आणि मी अजून मधल्या वळणावर कठड्याला धरून उभी. तेव्हा मी 47 वर्षांची होते. सगळ्या म्हणाल्या, पाळी जाण्याचं वय आहे, होतं असं.

मग इन्हेलर आला. दमा असावा म्हणून सहा महिने ओढला, फरक शून्य. पुढे एका दवाखान्यात एक्स-रे पाहून टीबीची शंका घेतली. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह आली, तरी गोळ्या सुरू केल्या. लघवी केशरी व्हायची, तोंडाची चव गेली, वजन उतरलं. अडीच महिने मी त्या गोळ्या घेतल्या. छातीत डाग म्हणजे टीबी, हे आपल्याकडे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पुढचा प्रश्न कोणी विचारतच नाही. त्या अडीच महिन्यांचा मला आजही राग येतो, कारण तेवढे दिवस मी दर रविवारी आमची गॅलरी खराट्याने झाडत होते.

2024 च्या उन्हाळ्यात एका छातीविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पाठीला, अगदी खाली बरगड्यांच्या टोकाशी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकलं. मग नळी ह्यांच्या कानात दिली. "ऐका." ह्यांचा चेहरा बदललेला मला दिसला. घरी येताना विचारलं तर म्हणाले, "मुलांच्या सँडलचा पट्टा ओढून उघडला की येतो ना, चर्रर, तसा आवाज येत होता. प्रत्येक श्वासाला." डॉक्टर त्याला वेल्क्रोचा आवाज म्हणतात. दम्यात छाती शिट्टीसारखी वाजते, हे तसं नव्हतं.

मग तपासण्या. एचआरसीटीला, म्हणजे फुप्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनला, आधी उताणं झोपवलं, नंतर पालथं. पालथं यासाठी की उताणं झोपल्यावर फुप्फुसाचा मागचा भाग वजनाने थोडा दबतो आणि नसलेला दोष दिसतो. एकदा श्वास भरून रोखायला सांगितलं, एकदा पूर्ण सोडून. दुसऱ्या दिवशी पीएफटी, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसाचं काम मोजायची चाचणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर उभी राहून तंत्रज्ञ मुलगी ओरडतेय, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून!" माझी एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर टाकता येणारी हवा, माझ्या वयाउंचीच्या मानाने 62 टक्के भरली. डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज उतरतो त्याचं माप, 48 टक्के. शेवटी दवाखान्याच्या बोळात सहा मिनिटं चालवलं. बसल्या जागी ऑक्सिजन 96 होता, चालून आल्यावर 88. घरातला ऑक्सिमीटर मी नेहमी खुर्चीत बसून लावायचे आणि 96 बघून निश्चिंत व्हायचे. चालल्यावर लावून बघायला हवं होतं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

रिपोर्टमध्ये एक शब्द होता, फायब्रोसिस. मी विचारलं, कॅन्सर का? डॉक्टर म्हणाले, नाही. माझ्या डाव्या हाताच्या मनगटावर अनारसे तळताना तेल उडून भाजल्याचा जुना डाग आहे, रुपयाच्या नाण्याएवढा. त्यांनी तो बघितला आणि म्हणाले, "मॅडम, इथली कातडी चिमटीत धरून उचला बरं." उचलली जाईना. बाजूची सहज उचलली जात होती. डागावर लव नाही, घाम नाही, ताणली तर ताणत नाही. जखम भरून आली होती, पण पूर्वीची कातडी परत आली नव्हती, तिथे ठिगळ बसलं होतं.

ते ठिगळ कोलॅजनचं असतं. इजा झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तिथे जमतात, त्यांतल्या काही जास्त कामाच्या होतात आणि कोलॅजनचे धागे विणू लागतात. जखम मिटली की त्यांनी थांबायचं असतं. पण इजा रोजच होत राहिली तर विणकामही थांबत नाही. हाताला नाण्याएवढं ठिगळ चालतं. फुप्फुसात हवेचे कोट्यवधी फुगे असतात, माणसागणिक सरासरी 48 कोटींच्या आसपास, आणि हवा न् रक्त यांच्यामधला त्यांचा पडदा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. केसाच्या जाडीचा शंभरावा भाग म्हणा. तो पडदा जाड आणि ताठ झाला की फुप्फुस फुगत नाही आणि ऑक्सिजन पलीकडे जात नाही. माझी 62 आणि 48 ही दोन मापं काय सांगत होती, ते मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी एक छापील कागद काढला आणि एकेक प्रश्न विचारू लागले. कुठे काम करता, घरात ओल आहे का, पिसांच्या उशा आहेत का, धान्याच्या पोत्यांत वावर आहे का, सांधे धरतात का, डोळे कोरडे पडतात का, आधी कुठली औषधं घेतली.

"कूलर आहे?"

"आहे." नाशिकचा उन्हाळा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. आमचा कूलर सात-आठ वर्षं जुना, गवताच्या ताट्यांचा. ताट्या कधी बदलल्या होत्या ते दोघांनाही आठवेना.

"कबुतरं?"

"नाही, आम्ही पाळत नाही."

"पाळत नाही हो, येतात का?"

येतात. आमची इमारत इंदिरानगरला, तिसरा मजला. बाथरूमच्या खिडकीबाहेर डक्ट आहे, त्यात पाइपांवर कबुतरांची घरटी. गॅलरीत एसीच्या बाहेरच्या युनिटमागे आणखी एक. आणि सासूबाई रोज सकाळी पूजा झाली की गॅलरीच्या कठड्यावर मूठभर ज्वारी ठेवायच्या. पंचवटीतल्या वाड्यात राहत असल्यापासूनचा त्यांचा नेम, रामकुंडावर जायच्या तेव्हाही पदराला दाणे बांधलेले असायचे. विष्ठा वाळली की दर रविवारी ती खराट्याने मी खरवडायचे. वाळलेलीच, कारण ओली चिकटते.

विष्ठेतली आणि पिसांच्या भुकटीतली प्रथिनं, तशीच कूलरच्या ओल्या ताट्यांतली बुरशी, श्वासाबरोबर आत जातात. बहुतेकांना काही होत नाही. काहींच्या शरीराला ती शत्रू वाटतात आणि फुप्फुसात सूज येते. संपर्क चालूच राहिला तर सुजेच्या जागी व्रण, म्हणजे तसंच ठिगळ, धरतो. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. भारतातल्या 27 केंद्रांवरच्या 1,084 रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला होता. फुप्फुसाच्या या जातीच्या आजारांपैकी जवळजवळ 47 टक्के रुग्णांना हाच निघाला, आणि त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचा कूलरशी संपर्क होता. आकडे ऐकून मला आधी बरं वाटलं, कारण मी एकटी नव्हते. मग वाईट वाटलं, कारण इतका नेहमीचा आजार असून प्रश्न दोन वर्षांनी आला.

खात्री करण्यासाठी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो. तिथे ब्राँकोस्कोपी झाली, श्वासनलिकेतून दुर्बीण घालून फुप्फुसात थोडं सलाइन सोडून परत ओढतात आणि त्यातल्या पेशी मोजतात. लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, वाढलेले निघाले. आमवाताच्या रक्तचाचण्या निगेटिव्ह आल्या. छातीचे डॉक्टर आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर एकत्र बसले आणि निदान पक्कं केलं.

घरी सासूबाईंना सांगायचं कसं, हा माझ्यासाठी सगळ्यांत अवघड भाग होता. त्या 81 वर्षांच्या. मी चार दिवस काढले. शेवटी ह्यांनीच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, मी पन्नास वर्षं दाणे घातले, मला काही झालं नाही, आणि तुला व्हावं?" मी म्हटलं, "आई, तुमचा काही दोष नाही, माझ्या शरीराला सोसलं नाही." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची ती मूठ त्या एका डब्यात टाकतात आणि महिन्याला डबा भरला की अन्नछत्रात पाठवतात. 2025 च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, त्यावरून झालेला गोंधळ टीव्हीवर बघताना त्या एवढंच म्हणाल्या, "त्या लोकांच्या घरात कोणी खोकत नसेल." मला दोन्ही बाजू कळतात. दाणे टाकणाऱ्याच्या मनात दयाच असते. पण ज्याची खिडकी त्या थव्यासमोर उघडते, त्याला कोणी विचारत नाही.

साफसफाई माझ्यामागे झाली. पंधरा दिवस मी सिन्नरला माहेरी राहिले. इकडे कामगारांनी मास्क घालून, सगळं आधी पाण्याने भिजवून मगच खरवडलं, डक्टच्या तोंडाला आणि गॅलरीला जाळी लावली, पडदे-गाद्या धुतल्या, कूलर काढून टाकला. सिन्नरला आठव्या दिवशी माझ्या वहिनीच्या लक्षात आलं की मी रात्री खोकलेच नाही. रिपोर्टांपेक्षा माझा विश्वास त्या रात्रीने बसला.

औषधांचं थोडक्यात सांगते. स्टिरॉइडने सूज उतरली, चेहरा मात्र सुजला आणि साखर वाढली. मग शरीराची प्रतिकारशक्ती आवरणारं मायकोफेनोलेट, आणि व्रण वाढू नये म्हणून निंटेडॅनिब, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबरच. हे औषध अमेरिकेत 2014 मध्ये कारण न सापडणाऱ्या फुप्फुसाच्या फायब्रोसिससाठी मंजूर झालं, आणि 2020 मध्ये माझ्यासारख्या वाढत जाणाऱ्या इतर प्रकारांसाठीही. याने जुलाब होतात, मला झाले. पहिले दोन महिने शाळेत डब्यात दहीभाताशिवाय काही नेता आलं नाही. यकृताची रक्तचाचणी ठरलेल्या दिवशी करावीच लागते. आणि महत्त्वाचं म्हणजे, हे औषध असलेला व्रण पुसत नाही, फक्त पुढचं विणकाम मंद करतं. मी तीनदा विचारलं, "पण पूर्वीसारखं कधी होईल?" तिसऱ्यांदा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सूज होती तेवढी परत मिळेल. व्रण झालाय तेवढं नाही."

असा व्रण दुसऱ्या अवयवांतही धरतो हे कळल्यावर मी वेड्यासारखी सगळ्या घराचे रिपोर्ट काढून बसले. वडिलांना 2015 मध्ये हार्ट अटॅक आला होता, तेव्हापासून "पंपिंग 35" हे शब्द घरात होते, अर्थ कोणाला माहीत नव्हता. हृदय भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर टाकतं, त्याचं ते माप. हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा जवळजवळ उगवत नाही, त्या जागी व्रण धरतो. तो धरला नसता तर भिंत फाटली असती, म्हणजे त्याने वडिलांना वाचवलं. पण व्रण आकुंचन पावत नाही, म्हणून पंपिंग कमी. वडिलांना मधुमेहही आहे. मूत्रपिंडाचा बराचसा भाग निकामी होईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा कचरा, वाढत नाही हे कळल्यावर त्यांची लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची चाचणी दरवर्षी करायला लावली.

आणि ह्यांचं यकृत. सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर, ग्रेड 2" असं तीन वर्षं लिहून येत होतं आणि दारू नाही म्हणून आम्ही सोडून देत होतो. फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती ताठ झालंय ते मोजायची तपासणी, केला. तीन तास उपाशी, उजवा हात डोक्यामागे, बरगड्यांच्या मधे टिचकी मारल्यासारखा धक्का, असं दहा वेळा. यकृत जितकं ताठ तितकी लहर वेगाने धावते. आकडा आला 9.6 किलोपास्कल, म्हणजे जास्तच. यकृतात काही पेशी एरवी 'अ' जीवनसत्त्व साठवून निवांत बसलेल्या असतात, इजा होत राहिली की त्याच कोलॅजन विणायला लागतात. पण यकृताचं वेगळेपण असं की कारण दूर केलं तर ते बराच व्रण स्वतः विरघळवू शकतं. अंबडच्या कारखान्यातल्या कँटीनचा वडापाव आणि गोड चहा बंद झाला, रोज गोदापार्कला तासभर चालणं सुरू झालं, 84 चं वजन 76 वर आलं. नऊ महिन्यांनी आकडा 6.9. त्या दिवशी मी रिक्षात रडले. आनंदानेच रडले, पण मनात हेही होतं की माझ्या फुप्फुसाला ही सोय नाही, आणि ती दोन वर्षं मला कोणी परत देणार नाही.

माझी एफव्हीसी आता 66 आहे, डीएलसीओ 51. सव्वा वर्षात खाली गेलेली नाही. फ्लूची लस दरवर्षी घेते, न्यूमोकोकलची झाली. शाळा सुरू आहे, वर्ग तळमजल्यावर मागून घेतला. गेल्या महिन्यात चौघी पुन्हा पांडवलेणीला गेलो. मधल्या वळणावर थांबून ऑक्सिमीटर लावला, 90 आला. मैत्रिणीही थांबल्या. 94 होईपर्यंत आम्ही कठड्याला टेकून खालचा मुंबई-आग्रा रस्ता बघत बसलो, मग उरलेल्या पायऱ्या चढलो.