कोशाची साडी परदेशी धाडताना

नागपूरहून कोशाची (टसर रेशमाची) साडी परदेशी धाडताना सगळ्यात महाग पडते ती पत्त्याची चूक. पेपलच्या (ऑनलाइन पैसे घेण्याच्या सेवेच्या) व्यवहारावर जो पत्ता दिसतो, त्याच पत्त्यावर पाठवा. ग्राहक मागाहून 'बहिणीकडे पाठवा' म्हणाला, तर पैसे परत करून नव्याने ऑर्डर घ्या. नाहीतर पेपलचं विक्रेता संरक्षण, म्हणजे ग्राहक 'माल मिळाला नाही' म्हणाला तरी तुमचे पैसे वाचवणारी सोय, गेलंच. ७५० डॉलरपासून पुढच्या ऑर्डरला, माल घेताना सही झाल्याची पोचही लागते.

'वर्णनाप्रमाणे नाही' या तक्रारीला मात्र ते संरक्षण लागू नाही. कोशाचा नैसर्गिक रंग थानागणिक बदलतो, तेव्हा त्याच साडीचा दिवसाउजेडातला फोटो टाका. तक्रारीला १८० दिवस मिळतात. तोवर पावती, पॅकिंगचा व्हिडिओ जपा.

'गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा' या ग्राहकाच्या लाडिक आग्रहाला साफ नकार. कस्टम्सच्या कागदावर सही तुमची असते, त्याची नाही.