‘माल काढा’ म्हणजे नेमकं काय काढा?

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कोल्ड स्टोअरेजचं सॉफ्टवेअर मी बघते. आमच्याकडं तासगाव, सावळज भागातला बेदाणा ठेवायला येतो. शेतकरी व्हॉट्सअॅपवर लिहितात किंवा बोलून पाठवतात, आणि आम्ही बसवलेला एआय एजंट त्यावरून साठा सांगतो, भाड्याचा हिशेब देतो, गेटपास तयार करतो.

एप्रिलातली दुपार. दिवाणजींचा फोन आला.

“ताई, पोरांनी दोनशे चाळीस बॉक्स बाहेर काढल्यात. या लॉटचा सौदा कधी झाला? माझ्याकडं तर चिठ्ठी न्हाई.”

मी पोचले तेव्हा हमाल बॉक्स परत आत नेत होते. थंडीतून एकदम उन्हाच्या झळेत आलेल्या पुठ्ठ्याला घाम फुटला होता, हात लावला की बोटं ओली होत होती. बेदाणा थंडीत ठेवायचा तो रंग टिकावा म्हणून. हिरवा माल काळवंडला की दर पडतो, आणि शेतकऱ्याचं वर्ष त्या दरावर उभं असतं.

शेतकऱ्याचा मेसेज मी तिथंच उघडला. ‘उद्या तासगावच्या सौद्याला माझा माल काढून ठेवा.’ या धंद्यातल्या कुणालाही विचारा, याचा अर्थ एकच: सौद्यात, म्हणजे लिलावात, दाखवायला दोन-चार बॉक्स काढा. एजंटनं अख्ख्या लॉटचा गेटपास काढला होता.

ऑफिसात पहिली प्रतिक्रिया आली ती ‘एजंटमागचं एआय मॉडेल बदला, मोठं घ्या.’ मला ते पटलं नाही. एजंट प्रत्येक काम एकेका टूलकडून, म्हणजे आम्ही लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमकडून, करून घेतो. त्या टूलचा कोड त्याला दिसत नाही. त्याच्यापुढं असतं टूलचं नाव, टूलचं वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं त्याची माहिती. एवढ्यावर त्याला ठरवायचं असतं कुठलं टूल बोलवायचं ते. मी लिहिलेल्या दोन ओळी अशा होत्या:

‘माल_काढा: लॉटमधून बॉक्स काढते.’
‘नमुना_द्या: लॉटमधला नमुना देते.’

मेसेजात ‘माल’ आहे, ‘काढून’ आहे, ‘नमुना’ शब्दच नाही. धंदा माहीत नसलेला कुणीही पहिलंच टूल उचलेल. त्यात ‘नग’ हा रकाना मी ऐच्छिक ठेवला होता. तो रिकामा राहिला तर पूर्ण लॉट निघायचा. ही सोय मी टेस्टिंगपुरती केली होती आणि तशीच राहिली. त्या दोनशे चाळीस बॉक्सचं मूळ या एका रिकाम्या रकान्यात होतं, आणि तो माझा होता.

संध्याकाळी शेतकरी आले. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी तीन-चार बॉक्स उघडायला लावले, चार मणी तळहातावर घेतले, दारापाशी उजेडात नेऊन बराच वेळ बघत राहिले. “रंग हाय,” एवढंच म्हणाले. माझा जीव तोवर थाऱ्यावर नव्हता.

ते गेल्यावर मी दिवाणजींना विचारलं, “नवीन पोरगा कामाला लागला तर त्याला काय सांगता?”

ते थांबलेच नाहीत. “सौद्याला म्हणाला की सॅम्पल काढायचं. पुरा माल उचलायचा तर विक्रीची चिठ्ठी पायजे. चिठ्ठी नसंल तर मालाला हात लावायचा न्हाई, आदी मालकाला फोन लावायचा. आन् लॉट नंबर इचारायचा, पावतीचा न्हाई. एका पावतीत तीन-तीन लॉट असत्यात.”

मी ते बोलतील तसं उतरवून घेतलं. टूलचं वर्णन म्हणजे हेच होतं, आणि ते या माणसाच्या तोंडात कितीतरी वर्षं तयार होतं. मी विचारायला गेले नव्हते.

नवीन वर्णन असं झालं: ‘पूर्ण_माल_उचल: विकलेला माल स्टोअरेजबाहेर पाठवण्याचा गेटपास तयार करते. विक्री चिठ्ठीचा क्रमांक असेल तरच वापरा. सौद्यात दाखवण्यासाठी बॉक्स हवे असतील तर हे टूल वापरू नका, सॅम्पल_काढा वापरा. शेतकरी नुसतं “माल काढा” म्हणाला तर दोन्हीपैकी काय हवं ते आधी विचारा.’ ‘नंबर’ या मोघम रकान्याचं नाव ‘लॉट_क्रमांक’ झालं. ‘नग’ भरणं सक्तीचं झालं, आणि पुढं स्पष्ट लिहिलं: बॉक्सची संख्या, किलो नव्हे.

‘सॅम्पल’ हा शब्दही दिवाणजींचाच. मी ‘नमुना’ लिहिलं होतं. ते म्हणाले, “नमुना कोण म्हणतंय हितं?”

काम अडलं की टूल एजंटला जो संदेश पाठवतं, तोही बदलला. आधी टूल ‘अवैध विनंती’ एवढंच परत पाठवायचं, त्यातून एजंटनं काय बोध घ्यायचा? आता येतं, ‘विक्री चिठ्ठी सापडली नाही. गेटपास केलेला नाही. शेतकऱ्याला सॅम्पल हवं आहे का ते विचारा.’ एजंट हेही वाचतो आणि पुढचं पाऊल त्यावरून टाकतो.

उत्साहाच्या भरात मी सगळ्याच टूल्सची वर्णनं लांबवली होती. ती निम्मी परत कापली. प्रत्येक विनंतीबरोबर ही वर्णनं मॉडेलपुढं जातात, जागा खातात, पैसेही खातात. साठा नुसता दाखवणाऱ्या टूलला दोन ओळी पुरतात. माल हलवणाऱ्या टूलला दहा लागल्या तरी मी लिहीन. एआयला बाहेरची टूल्स जोडायची एक सामायिक पद्धत आहे, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल; अँथ्रोपिक या एआय कंपनीनं ती नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. तिच्यावरून हीच टूल्स पुढं दुसऱ्या अॅपांनाही जोडायचा आमचा विचार आहे. तेव्हा वर्णनात राहिलेली चूकही त्यांच्याबरोबर तिकडं जाईल.

मग शेतकऱ्यांचे जुने मेसेज काढले, जसे लिहिले तसे, अशुद्धलेखनासकट, आणि एकेक एजंटला देऊन बघितला. ‘बॉक्स सोडा’ला तो अजून अडखळायचा. तेही शब्द वर्णनात घातले.

वर्णन कितीही चांगलं झालं तरी गेटपासवर माणसाची सही हवी, हा माझा आग्रह मालकांनी मान्य केला. पुढच्या आठवड्यात त्याच शेतकऱ्यांचा मेसेज आला, ‘माल काढा’. एजंटनं विचारलं, ‘सौद्यासाठी सॅम्पल हवं आहे की विकलेला पूर्ण माल उचलायचा आहे?’

‘सॅम्पल. चार बॉक्स.’

चार बॉक्सचा कागद दिवाणजींच्या टेबलावर आला. त्यांनी चष्मा लावून लॉट नंबर दोनदा वाचला आणि सही केली.